घरचं गारेगार आणि आजोबांची तिसरी कांडी

सोलापूरच्या एका ताईंचं पत्र आहे. नाव छापू नका, शहर चालेल, असं त्यांनी लिहिलं आहे. पत्राचा गोषवारा असा :

मुलगी आठ वर्षांची. उन्हं तापू लागली की शाळेसमोर गारेगारवाला उभा राहतो आणि ही रोज नारंगी कांडी खाऊन, जीभ रंगवून घरी येते. रंग कसला, पाणी कुठलं, या धास्तीनं ताईंनी यंदा ते बंद केलं आणि साचे आणून घरीच कांड्या करायला घेतल्या. साखरेचा कणही नाही. आमरस, गूळ आणि मध. पण आंब्याच्या कांड्या साच्यातून काढताच चिकट लगदा होतात आणि कलिंगडाच्या होतात दगड. लेक दोनदा चाटते नि ठेवून देते. परवा तिच्या कंपासपेटीत नारंगी डाग पडलेली लाकडी काडी सापडली. सासूबाईंचं म्हणणं, गार खाऊन घसे धरतील, हे मुळात करूच नये. सासऱ्यांना मधुमेह आहे, पण ‘सूनबाईनं बिनसाखरेचं केलंय’ म्हणून ते एका बैठकीला तीन कांड्या संपवतात. माहेरपणाला आलेल्या नणंदेचं नऊ महिन्यांचं बाळही आईच्या हातातली कांडी चाटतं. ताई विचारतात, “एवढं पौष्टिक करूनही मुलीला का आवडत नाही? गोडी आणखी वाढवू, की बाहेरचं कडक बंद ठेवून सवय लागायची वाट पाहू? की हा खटाटोपच सोडून देऊ?”

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण त्याआधी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. बाळाला ती मधाची कांडी आजपासून द्यायची नाही. चाटायलासुद्धा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण मधात कधी कधी बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांची डाळ शिजत नाही, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात. ते फ्रीजरच्या थंडीनं मरत नाहीत आणि घरच्या उकळीनंही मरत नाहीत. सासूबाई म्हणतील, आम्ही तर बाळ जन्मल्याबरोबर सोनं उगाळून मधातून चाटवलं. खरं आहे, आणि बहुतेक बाळांना काही झालंही नाही. पण ज्या थोड्यांना होतं त्यांना फार वाईट होतं. आतापर्यंत चाटलं म्हणून घाबरून जाऊ नका. बाळ सुस्त वाटलं, दूध ओढेनासं झालं, रडण्याचा आवाज बारीक झाला, धरलेली मान पुन्हा सैल पडली किंवा शी अडली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या आणि मध दिला होता हे आवर्जून सांगा.

आता कांड्या.

तुम्ही दिलेलं प्रमाण मी माझ्या ओट्यावरच्या काट्यावर मांडून पाहिलं. दोन वाट्या आमरस म्हणजे ४०० ग्रॅम, गच्च भरलेली छोटी वाटी गूळ म्हणजे १०० ग्रॅम, दोन मोठे चमचे मध म्हणजे ४० ग्रॅम. याच्या सहा कांड्या. पिकल्या आंब्याच्या १०० ग्रॅम रसात सुमारे १४ ग्रॅम साखर असते, म्हणजे तुमच्या रसात ५५ च्या आसपास. गुळाचा बहुतेक भाग साखरच, ८५ ग्रॅम धरा. मधातली बत्तीसेक. बेरीज १७० च्या वर जाते आणि एका कांडीच्या वाट्याला साधारण २८ ग्रॅम येते. चहाच्या चमच्यानं मोजलं तर साडेपाच चमचे. आता शाळेसमोरची नारंगी कांडी घ्या. ती ६०-६५ मिलिलिटरची असते. अगदी गोडमिट्ट धरली, शंभराला वीस ग्रॅम साखर, तरी तेरा ग्रॅमच्या वर जात नाही.

वाईट वाटून घेऊ नका. हे गणित मीही फार उशिरा मांडलं. पंचवीस वर्षं गृहविज्ञान शिकवूनही घरी पन्ह्यात गूळ ओतताना माझा हात कधी थांबला नाही, कारण गूळ म्हणजे साखर नव्हे, हे आपल्या डोक्यात कुठेतरी लहानपणीच बसलेलं असतं. गुळात थोडं लोह असतं, खनिजं असतात, हे खरंच. पण ती इतकी थोडी, की त्यांच्यासाठी म्हणून गूळ खायचा तर लोहाच्या आधी साखरच पोटभर होईल. चवीसाठी गूळ जरूर घाला. पन्ह्यात तर गुळाला पर्याय नाही, असं माझं मत आहे. फक्त हिशेबात त्याला साखरेच्याच रकान्यात लिहा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये साखरेबद्दल जे मार्गदर्शन दिलं, त्यात वरून घातलेली कुठलीही साखर, मध आणि फळांचा रस, सगळं एकाच खात्यात धरलं आहे. दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत ठेवावं, असं ते सांगतात. मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. आठ वर्षांच्या मुलीला त्याहून कमी. अख्खं फळ चावून खाल्लं तर त्यातली साखर या खात्यात येत नाही. पण तुमच्या एका कांडीतला नुसता गूळ आणि मधच वीस ग्रॅमच्या आसपास जातो.

तेव्हा “पौष्टिक करूनही का आवडत नाही” या प्रश्नातला ‘पौष्टिक’ हा शब्द जरा बाजूला ठेवू या. तुमची कांडी बाहेरच्यापेक्षा स्वच्छ आहे, खऱ्या फळाची आहे, रंग तिचा स्वतःचा आहे. हे तिन्ही मोठे गुण आहेत आणि ते बाजारात विकत मिळणं कठीण. पण गोडाच्या बाबतीत ती बाहेरच्यापेक्षा दुप्पट आहे. गोडी आणखी वाढवणं हा मार्ग नाही. कडक बंदीचं काय झालं ते कंपासपेटीनं सांगितलंच.

चिकट लगदा का होतो आणि दगड का होतो, या दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते कळलं की निम्मं काम झालं. पाण्यात साखर विरघळली की ते शून्य अंशाला गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं. थोडं पाणी गोठून बर्फ झालं की उरलेलं पाणी अधिक गोड होतं आणि अधिकच हट्टाला पेटतं. तुमच्या आंब्याच्या मिश्रणात शंभरात तीसहून जास्त साखर आहे. घरच्या फ्रीजरमध्ये त्यातला बराच भाग न गोठता पाकासारखा राहतो, म्हणून बाहेर काढताच लगदा. कलिंगडात उलट. त्यात शंभरात सहा-आठ ग्रॅम साखर आणि बाकी जवळजवळ पाणी, म्हणून जवळपास सगळं गोठतं, मोठमोठे स्फटिक होतात आणि दात लागत नाही. म्हणजे साखर कांडीत नुसती गोडीसाठी नसते, ती मऊपणाचंही काम करते. साखर काढली तर ते काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवायला हवं. घट्ट गर, दह्यातलं किंवा नारळाच्या दुधातलं स्निग्ध, शिजवलेल्या पिठाचा चिकटपणा, भिजवलेल्या सब्जाची बुळबुळ, हे सगळे पाण्याला धरून ठेवतात आणि स्फटिक मोठे होऊ देत नाहीत. कुल्फीवाला दूध तासभर आटवतो, ते काही नुसत्या चवीसाठी नाही.

दुसरी एक गंमत. थंडीत जीभ गोडाला बधिर होते. विरघळलेली कुल्फी चाखून पाहा, घशाशी येईल इतकी गोड लागते. म्हणून साच्यात ओतण्यापूर्वी मिश्रण ‘बरोबर’ लागलं तर गोठल्यावर ते मिळमिळीत लागणार, आणि आपण पुढच्या वेळी हात सैल सोडणार. त्यावर साखरेऐवजी तीन गोष्टी चालतात : चिमूटभर मीठ, थोडं आंबट, आणि वास. वेलची, केशर, भाजलेलं जिरं, पुदिना, लिंबाची किसलेली साल. मिठानं आहे ती गोडी उठून दिसते. आपल्या आज्यांनी पन्ह्यात मीठ उगाच नव्हतं घातलं.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. सगळ्यात आधी साचे लहान घ्या. हा सल्ला ऐकायला फारच साधा वाटतो, पण साखर निम्मी करण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. ५० मिलिलिटरची कांडी आठ वर्षांच्या मुलीला पुरते. लहान साचे नसतील तर स्टीलची बारकी फुलपात्रं, वाट्या, चहाचे छोटे कागदी पेले, काहीही चालतं. तासाभरानं मिश्रण जरा धरलं की मध्ये काडी रोवा, म्हणजे ती उभी राहते. काढताना साचा नळाच्या पाण्यात पाच-दहा सेकंद धरायचा, ओढाताण करायची नाही. आणि काढल्याबरोबर हातात द्यायची नाही. दोन मिनिटं थांबा. अर्ध्या दगड कांड्या नुसत्या धीर धरल्यानं खाण्याजोग्या होतात.

आंब्याचं असं करा : एक वाटी रस, एक वाटी घट्ट दही. दही फडक्यात अर्धा-पाऊण तास टांगून पाणी काढलेलं, चक्का होईपर्यंत नव्हे. चिमूटभर मीठ, वेलची. आंबा चांगला पिकलेला असेल तर वरून काहीच गोड लागत नाही. दोन्ही मिळून ४०० ग्रॅम धरलं तर लहान आठ कांड्या होतात आणि एकीत आंब्याची आणि दह्याची मिळून पाचेक ग्रॅम साखर येते. पूर्वीच्या अठ्ठावीसशी तुलना तुम्हीच करा. यासाठी हापूसच हवा असंही नाही. पायरी किंवा केशर यात छान लागतो, आणि हापूस कापून फोडी खाण्यासाठी ठेवावा असं माझं, थोडं पक्षपाती, मत आहे.

पन्ह्याची कांडी माझी सगळ्यात आवडती. उकडलेल्या कैरीचा गर दीडशे ग्रॅम, गूळ साठ ग्रॅम, पाणी दोन वाट्या, मीठ, वेलची, जमल्यास भिजवलेला सब्जा दोन चमचे. आपण एरवी गराच्या दुप्पट गूळ घालतो, इथे निम्म्याहून कमी आहे. चव आंबटाकडे झुकते, आणि मुलांना आंबट आवडतं हे आपण मोठे विसरतो. चिंचा-बोरं खाणाऱ्या जिभा त्या. यातही लहान कांडीला पाचेक ग्रॅम साखर येते.

इथे एक इशारा, तोही स्वानुभवाचा. आमच्याकडे कुल्फीचे ॲल्युमिनियमचे जुने साचे होते. झाकण बसवून कणकेनं बंद करायचे आणि मिठाच्या बर्फात माठात हलवायचे, ते. एकदा हौसेनं मी त्यांत पन्हं भरलं. सकाळी कांड्यांना धातूची अशी चव आली होती की कुणी दुसरा घास घेतला नाही. कैरी, कोकम, लिंबू, चिंच यांची आंबटाई ॲल्युमिनियमला खाते. आंबटासाठी स्टील, किंवा अन्नासाठीचं म्हणून विकलेलं चांगलं प्लॅस्टिक. कुल्फीचे साचे दुधासाठीच ठेवा.

कोकमाची कांडी करणार असाल तर बाटलीवरचं नाव नीट वाचा. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेलं कोकम, ते पातळ केलं तरी साखरच. आगळ वेगळं, ते मिठातलं असतं, साखर नसते. आगळ मिळालं नाही तर आमसुलं रात्रभर भिजवून कुस्करा. त्यात जिरेपूड आणि थोडा गूळ. आगळ वापरलं तर वरून मीठ घालायच्या आधी चाखा, माझी एक अख्खी खेप खारट झाली आहे. नारळाचं दूध घातलं की मऊ आणि सुंदर गुलाबी होते. मात्र सोलकढीतला लसूण कांडीत नको. आमच्या शेजारच्या एका उत्साही काकांनी तो घातला होता; त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार.

कलिंगडाची कांडी करूच नका. तिचा स्वभावच तो नाही. गर मिक्सरमधून काढा, लिंबू आणि चिमूटभर काळं मीठ घाला, स्टीलच्या पसरट डब्यात बोटभर जाडीचा थर ओता आणि दर पाऊण तासानं काट्याच्या चमच्यानं खरवडत राहा. तीन-चार वेळा खरवडलं की भुसभुशीत बर्फ होतो, तो वाटीत भरायचा. झाला की गोळा! वरून काही ओतायची गरजच नाही. खरवडायचं काम मुलीला द्या, फार प्रिय होतं ते.

दुधाचं हवं असेल तर नाचणी. अर्धा लिटर दुधात दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ आधी थोड्या गार दुधात कालवून, मग मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. कच्चट वास गेला पाहिजे. सहा बिया काढलेले खजूर गरम दुधात भिजवून वाटून घाला. खजुरातही साखर भरपूर असते, म्हणून सहाच. याच्या दहा होतात. रंग मात्र मातकट येतो आणि मुलं नाक मुरडतात. त्यात एक चमचा कोको घाला, चॉकलेट म्हणून बिनबोभाट खपते. खोटंही बोलावं लागत नाही, चॉकलेटच आहे ते. आणि एक : दुधाबरोबर अननस, कच्ची पपई किंवा किवी घालू नका. त्यांतल्या पाचक द्रव्यांनी दुधाचं मिश्रण थोड्या वेळात कडू होतं. अननस हवाच असेल तर आधी दोन-चार मिनिटं शिजवून, गार करून घाला.

आता सासूबाईंचं. त्या दोन गोष्टी एकत्र करत आहेत आणि त्यातली एक बरोबर आहे. नुसत्या गारव्यानं घसा धरत नाही; सर्दी-खोकला होतो तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे. एखाद्या मुलाला दम्याचा त्रास असेल तर गार खाऊन खोकल्याची उबळ येऊ शकते, तिथे जपावं. पण “बाहेरच्या बर्फानं मूल आजारी पडतं” या त्यांच्या अनुभवामागे पाणी आहे, आणि ते खरं आहे. गोठल्यानं सगळे जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते झोपतात. दूषित पाण्याच्या बर्फातून विषमज्वर, कावीळ, जुलाब, सगळं येऊ शकतं. म्हणूनच तर महाराष्ट्रात २०१८ पासून, जो खाण्याचा नसलेला बर्फ असतो, त्यात निळा रंग घालण्याचा नियम झाला. निळसर लादी सरबतात पडताना दिसली तर तिथून चालू लागायचं. आणि हाच नियम घरालाही लागू आहे बरं का. कांडीत जे पाणी जाईल ते उकळून गार केलेलं, हात धुतलेले, साचे गरम पाण्यानं विसळलेले. घरचं आहे म्हणून जंतू आपल्याला ओळख दाखवत नाहीत. सासूबाईंना हे त्यांच्या बाजूनं सांगा, “तुम्ही म्हणता ते पाण्याचं खरं आहे, म्हणून मी उकळून घेते.” बघा, दुसऱ्या दिवशी पाणी त्याच उकळून ठेवतील.

उन्हाळ्यात वीज जाण्याचा प्रश्न आहेच. फ्रीजरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. तुम्ही बाहेर असताना वीज बराच वेळ गेली तर बर्फ वितळून नाणं खाली बसतं आणि पुन्हा गोठलं तरी तळाशी दिसतं. नाणं तळाला असेल तर दूध-दह्याच्या कांड्या टाकून द्या, जीव हळहळला तरी. फळांच्या कांड्यांत पुन्हा गोठल्यावर मोठाले खडे होतात, आणि त्या नुसत्या पातळ झाल्या होत्या की कोमट होऊन बराच वेळ पडल्या होत्या हे आपल्याला कळायला मार्ग नसतो, म्हणून शंका असली तर त्याही नकोत. फार साठवूही नका. आठवड्याला पुरतील एवढ्याच करा, नाहीतर कांडीला शेजारच्या डब्यातल्या मटाराचा वास लागतो.

सासऱ्यांबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ आहे, पण मला सगळ्यात काळजी त्यांची वाटली. तीन कांड्या म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅम साखर, एका बैठकीत, आणि ती सुद्धा “यात साखर नाही” या विश्वासानं. बिचारे फसवत नाहीयेत कुणाला. सुनेचा शब्द त्यांनी मानला. हा गैरसमज तुम्हीच दूर करायला हवा, आणि तोही सगळ्यांसमोर नव्हे. “बाबा, माझंच चुकलं, गूळ-मधही साखरच असतो” एवढं बोलणं पुरे. घरात ग्लुकोमीटर असेल तर कांडी खाण्यापूर्वी आणि दोन तासांनी मोजायला सांगा. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की बायको-सुनेच्या बोलण्याची गरज उरत नाही. या दिवसांतल्या कांड्यांचं त्यांच्या डॉक्टरांना सांगा, गोळ्यांची मात्रा घरच्या घरी कमी-जास्त करू नका. त्यांच्यासाठी ताकाची कांडी करा : दाटसर ताक, पुदिना, आल्याचा रस, भाजलेलं जिरं. रक्तदाबही असेल तर मीठ अगदी नावाला. हसू नका. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता ही कांडी खाऊन पाहा आणि मग बोला. आंबा-दह्याची लहान कांडी त्यांना अधूनमधून चालेल का, किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. बाजारात कृत्रिम गोडीच्या पुड्या मिळतात. त्या त्यांनी घ्याव्यात का, हेही डॉक्टरच सांगतील. मुलीच्या कांडीत मात्र त्या नकोत. तिची जीभ कमी गोडाला सरावावी हा आपला हेतू, आणि पुड्या नेमकं उलट शिकवतात.

आता लेक. तिनं लपून कांडी खाल्ली याचं तुम्हाला फार लागलं आहे, ते पत्रातल्या अक्षरावरूनही कळतं. पण विचार करा, ती नारंगी कांडीत काय विकत घेत होती? घंटी वाजते, मैत्रिणी धावतात, कुठला रंग हे स्वतः ठरवायचं, स्वतःच्या हातानं पैसे द्यायचे, मग एकमेकींच्या जिभा बघायच्या. यातलं काहीच तुमच्या फ्रीजरमध्ये नाही. तिथे आई आहे, आणि प्रत्येक कांडीबरोबर “हे बघ, पौष्टिक आहे” हे वाक्य आहे. मी आठ वर्षांची असते तर मीही काडी कंपासपेटीतच लपवली असती. कांडी हा खाऊ आहे. औषधाच्या आवाजात दिलेला खाऊ मुलांना बरोबर ओळखू येतो.

मी तुमच्या जागी असते तर आज संध्याकाळी तिला जवळ घेऊन सांगितलं असतं, की काडी सापडली, रागावले नाही, लपवायची गरज नाही. मग तिच्याशी सौदा. आठवड्यातून एक दिवस, शनिवार म्हणू, बाहेरची कांडी चालेल आणि मी बरोबर येईन. कुणाकडून घ्यायची हे बघायला दोघी मिळून शिकायचं : बंद पाकीट आहे का, त्यावर कुणी आणि कधी बनवलं ते छापलंय का, देणाऱ्याचा हात पैशांचा आणि कांडीचा एकच आहे का. ज्या पाकिटावर काहीच छापलेलं नाही त्यातला रंग खाण्याचा आहे की नाही हे सांगायला कुठलीच आई समर्थ नाही, हेही तिला कळेल इतपत ती मोठी आहे. बाकीचे दिवस घरची, आणि घरची तिनं करायची. चव तिनं ठरवायची, नाव तिनं ठेवायचं, काड्या तिनं रोवायच्या. सुट्टी लागली की बिल्डिंगमधल्या चार मुलांना बोलावून जिन्यात दुकान मांडू द्या, पैसे बाटल्यांच्या बुचांचे. वेळ शक्यतो जेवणानंतरची, म्हणजे गोड दिवसभर दातांशी खेळत नाही; नंतर पाण्यानं चूळ. पाचाच्या आतलं मूल असेल तर कांडीत अख्खी द्राक्षं, शेंगदाणे घालू नका, घशात अडकतात. आणि लाकडी काडी तोंडात ठेवून कुणी पळायचं नाही. तहान लागली तर आधी पाणी. कांडी पाण्याची जागा घेत नाही.

तिची पहिली खेप बहुधा बिघडेल. माझ्या भाचीनं चिंच, गुलकंद आणि दूध एकत्र घातलं होतं. दूध फाटलं, आणि त्या फाटलेल्या गुलाबी कांडीला तिनं ‘भूकंप’ असं नाव देऊन ती सगळ्या घराला खाऊ घातली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिचं पन्हं माझ्याहून बरं जमलं.

खटाटोप सोडू नका, पण निम्मा करा. रोज नवी चव, रोज साचे, रोज मुलीच्या चेहऱ्याकडे बघत उभं राहणं, हे बंद. आठवड्याला दोन प्रकार पुष्कळ झाले. आधीच केलेल्या गूळ-मधाच्या कांड्या उरल्या असतील तर फेकू नका : बाळ आणि आजोबा वगळून, एकेक वितळवून दोन वाट्या घट्ट दह्यात मिसळा, पाणी घालून चार वाट्या लस्सी होईल. आणि येत्या शनिवारी शाळेसमोर जाल तेव्हा एक नारंगी कांडी स्वतःसाठीही घ्या. जीभ कुणाची जास्त रंगली, ते मला कळवा.